चारमथच्या किनाऱ्यावर जीवाश्म शोधताना: पहिल्या फेरीपासून घरच्या डबीपर्यंत

नागपूरला माझ्या आईच्या देव्हाऱ्यात एक शाळीग्राम आहे. काळा, गुळगुळीत, एका बाजूला टवका उडालेला, आणि त्या जागी आतलं चक्र दिसतं. लहानपणी तुळशीच्या लग्नाला तो ताम्हनात आला की मी त्या चक्रावरून बोट फिरवायचे. ते चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या, कधीच नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचं कवच, हे मला पस्तिशी ओलांडल्यावर कळलं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चारमथला आम्ही सहज फिरायला गेलो होतो. माझ्या मुलीने वाळूतून काहीतरी उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. तेच चक्र, फक्त नखाएवढं आणि पितळेसारखं चमकणारं.

त्याला आता सात वर्षं झाली. रेडिंगहून आम्ही वर्षातून चार-पाच वेळा तरी चारमथला जातो. ओळखीतली मराठी कुटुंबं जायचं ठरवतात तेव्हा सगळ्यांचे प्रश्न तेच असतात, आणि चुकाही त्याच, ज्या आम्ही आधी करून बसलो. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

थोडी पार्श्वभूमी. डॉर्सेट आणि पूर्व डेव्हन मिळून सुमारे १५५ किलोमीटरचा हा ‘ज्युरासिक कोस्ट’ २००१ साली जागतिक वारसा यादीत गेला. त्यात लाइम रीजिस आणि चारमथ या दोन गावांच्या आसपासचे कडे ज्युरासिक काळाच्या सुरुवातीचे आहेत, साधारण १९ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा चिखल. हा चिखल आजही पुरता दगड झालेला नाही. पावसात भिजतो, घसरतो, समुद्र तो धुऊन नेतो आणि आतले जीवाश्म किनाऱ्यावर टाकतो. त्यामुळे इथे खोदावं लागत नाही. पाहावं लागतं.

१. आधी भरती-ओहोटी, मग सुट्टीचा दिवस

बहुतेक जण शनिवार ठरवतात आणि मग हवामान पाहतात. उलट करा. लाइम रीजिसचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी उघडा. ओहोटीच्या दोन-अडीच तास आधी किनाऱ्यावर पोचायचं, पाणी मागे जात असताना त्याच्या मागे मागे शोधत जायचं, आणि पाणी फिरलं की आपणही फिरायचं, असा दिवस निवडा.

कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग समजावून सांगायला नको, पण आम्हा विदर्भातल्यांना ते शिकावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती मोठी असते, तशी ओहोटीही खोल जाते आणि एरवी पाण्याखाली असलेला पट्टा उघडा पडतो. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत ओहोटी साधारण दुपारी येते, म्हणजे लांबून येणाऱ्यांना सोयीची. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, फारसं काही उघडं पडत नाही.

इथे एक सापळा आहे आणि आम्ही त्यात सापडलो होतो. काही वेळापत्रकं ग्रीनिच वेळेत छापलेली असतात. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं एक तास पुढे असतात, त्यामुळे त्या आकड्यात एक तास मिळवावा लागतो. मे महिन्यात मी तो, वेळापत्रकात आधीच मिळवलेला असताना, पुन्हा मिळवला. सगळंच एक तास चुकलं. लाइमकडे चालत निघालो आणि परतताना एका ठिकाणी पाणी कड्याच्या पायथ्याला लागलेलं. मुलीला नवऱ्याने खांद्यावर घेतलं, आम्ही मांडीभर पाण्यातून आलो. चारमथ आणि लाइम यांच्यामधला सुमारे तीन किलोमीटरचा किनारा भरतीला तुटतो आणि वर चढायला वाट नाही. वेळापत्रकाच्या कोपऱ्यात कोणती वेळ लिहिली आहे, ते वाचल्याशिवाय निघू नका.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते मार्च. वादळं कडे पाडतात, लाटा माल धुतात, आणि गर्दी नसते. ऑगस्टमधल्या रविवारी तुमच्याआधी शेकडो डोळे तिथून फिरून गेलेले असतात.

जायला लंडन वॉटर्लू ते एक्सेटर मार्गावरचं अॅक्समिन्स्टर स्टेशन जवळचं, तिथून बस. गाडीने जात असाल तर चारमथला समुद्राला लागूनच पार्किंग आहे.

२. कागदपत्रं लागत नाहीत, पण नियम आहेत

परवाना नाही, फी नाही, नाव नोंदवायचं नाही. म्हणून पुष्कळांना वाटतं की काहीही चालतं. तसं नाही.

लाइम रीजिसपासून बर्टन ब्रॅडस्टॉकपर्यंतच्या पट्ट्याला पश्चिम डॉर्सेटची जीवाश्म-संकलन आचारसंहिता लागू आहे. सामान्य माणसाने लक्षात ठेवायचं ते एवढंच: किनाऱ्यावर सुटं पडलेलं, गळून आलेलं उचलता येतं. कड्यात जागच्या जागी असलेलं परवानगीशिवाय खोदायचं नाही. आणि शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचं काही मिळालं, म्हणजे नवी जात किंवा अत्यंत दुर्मीळ नमुना, तर ते चारमथच्या हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये नोंदवायचं. नोंद केली म्हणजे वस्तू काढून घेतात, अशी भीती आपल्या लोकांना हमखास असते. तसं होत नाही. मालकी तुमच्याकडेच राहते. असा नमुना विकायचा असेल तर आधी सहा महिने संग्रहालयांना संधी द्यायची, इतकंच.

ही संहिता मला मनापासून पटते. कडा रोज झिजतो आहे. उचललं नाही तर समुद्र त्याची माती करणार आहे. म्हणून लोकांना उचलू देतात, आणि मोलाचं असेल त्याची माहिती हरवू देत नाहीत.

पण हे नियम फक्त या पट्ट्यापुरते. लाइमच्याच पश्चिमेला, कॉब या जुन्या दगडी धक्क्यापलीकडे मॉन्मथ बीच आहे. तिथे ओहोटीला खडकाची एक फरशी उघडी पडते आणि तिच्यात परातीएवढे अमोनाइट शेकड्यांनी रुतलेले दिसतात. ते पाहायचे, फोटो काढायचे, शेजारी पाऊल ठेवून मुलांना आकार दाखवायचा. छिन्नी लावायची नाही. त्या फरशीवर हातोडीच्या जुन्या खुणा दिसल्या की जीव तुटतो. अर्धवट फोडलेला अमोनाइट ना खडकात राहिला, ना कुणाच्या घरी गेला.

३. सोबत काय घ्यायचं

- गुडघ्यापर्यंतचे गमबूट. पावसाळी जाकीट, कारण छत्री तिथल्या वाऱ्यात टिकत नाही.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग, दोरीने गळ्यात.
- झाकणाच्या लहान डब्या. जुन्या औषधाच्या बाटल्या उत्तम. पायराइट या पितळी चमकीच्या खनिजाचे अमोनाइट खिशात एकमेकांवर घासले तर बरगड्या, म्हणजे कवचावरच्या उंच रेघा, झिजतात.
- जुनी वर्तमानपत्रं, दोन-चार जाड पिशव्या.
- छोटी वही आणि पेन्सिल. पेनाची शाई ओल्या कागदावर पसरते.
- चार्ज केलेला फोन. अडचण आली तर ९९९ फिरवून ‘कोस्टगार्ड’ मागायचा.
- पोळीभाजी आणि गरम चहाचा थर्मास. हिवाळ्यात दोन तासांत बोटं काम करेनाशी होतात.

हातोडीचं पुढे सांगते. पहिल्या फेरीला ती नेऊच नका. हातात हातोडी असली की माणूस पाहायचं सोडून फोडायला लागतो.

४. किनाऱ्यावर उतरल्यावर

आधी हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये जा. समुद्रासमोरच आहे, प्रवेश विनामूल्य. खाली काय मिळतं ते तिथे मांडून ठेवलेलं असतं, ते नीट पाहून डोळ्यात साठवून घ्या. तिथले लोक जीवाश्म शोधायच्या सहलीही नेतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तीच घ्यावी असं माझं मत आहे. आम्ही तीन फेऱ्यांत जे शिकलो, ते त्या दोन-तीन तासांत शिकता आलं असतं.

सेंटरकडून उजवीकडे, पश्चिमेला, ब्लॅक व्हेन नावाचा काळा कडा. डावीकडे, पूर्वेला, स्टोनबॅरो आणि त्यापुढे १९१ मीटर उंच गोल्डन कॅप. दोन्हीकडे जीवाश्म मिळतात. आणि दोन्हीकडे कड्यापासून लांब राहायचं. नवखा माणूस सरळ कड्याकडे जातो, कारण जीवाश्म तिथून येतात असं त्याने ऐकलेलं असतं. पण तिथे दगड सूचना न देता पडतात. ब्लॅक व्हेनखालचा चिखल वरून वाळलेला दिसतो आणि पाय ठेवला की मांडीपर्यंत गिळतो. माणसांना बाहेर काढायला पथक बोलवावं लागतं. मेरी अॅनिंग ही लाइमची बाई, जिने आपल्या भावाबरोबर १८११-१२ मध्ये इक्थिओसॉर या समुद्री सरीसृपाचा सांगाडा बारा वर्षांची असताना शोधला, तिचा जन्म या किनाऱ्यावर गेला. १८३३ साली दरड कोसळली तेव्हा तिचा कुत्रा ट्रे तिच्या शेजारी गाडला गेला. तिच्याइतका हा कडा ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं.

तर शोधायचं कुठे? पाण्याच्या काठाला, बारीक खड्यांच्या पट्ट्यात. इथे समुद्र सुपासारखं पाखडतो. हलकं एकीकडे, जड दुसरीकडे. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक यांचं खनिज, दगडापेक्षा जड. ते जिथे साठतं तिथेच गंजके खिळे, बोल्ट, लोखंडाचे तुकडे साठतात. म्हणून मी आधी गंजके खिळे शोधते. ते दिसले की तिथेच बसते.

बसते म्हणजे खरंच बसते. उभ्याने, चालता चालता काही दिसत नाही. गुडघे टेका, चेहरा जमिनीपासून हातभर अंतरावर आणा, आणि एका परातीएवढ्या जागेवर दहा मिनिटं घालवा. तांदूळ निवडतो तसंच. पहिली पाच मिनिटं सगळे खडेच असतात. मग एका खड्यावर समान अंतरावर रेघा दिसतात, आणि त्याच क्षणी शेजारचाही दिसतो. रंग शोधू नका, चमकही नको, कारण ओलं सगळंच चमकतं. शोधायची ती शिस्त: पुन्हा पुन्हा येणारी रेघ, गोलाई, दोन्ही बाजू सारख्या असणं.

मुलं यात मोठ्यांपेक्षा तरबेज असतात. त्यांचे डोळे जमिनीच्या जवळ आहेत आणि त्यांना घाई नसते.

लाइमच्या पूर्वेच्या किनाऱ्यावर मात्र मुलांना उघड्या हातांनी चाळू देऊ नका. तिथल्या उतारावर गावाचा जुना उकिरडा होता. २००८ साली मोठी दरड घसरली तेव्हा तो उघडा पडला, आणि काचा, पत्रे किनाऱ्यावर येत राहिले.

५. हातात आलं ते काय आहे?

अमोनाइट ओळखायला अवघड नाही, आपण चकल्या करणारे लोक. अवघड आहे ते कोणता अमोनाइट हे. पुस्तकातली सगळी नावं पहिल्याच दिवशी पाठ करायला जाऊ नका. तीन गोष्टी पाहायची सवय लावा: बरगड्या सरळ आहेत की वाकलेल्या, बाहेरच्या कडेवर कंगोरा आहे का, आणि वेढे एकमेकांना किती झाकतात.

एकिओसेरस: पुष्कळ वेढे, एकमेकांना न झाकणारे, सरळ बरगड्या, वेटोळं घातलेल्या सापासारखा. आर्निओसेरस: बरगड्या सरळ, कडेवर कंगोरा, आणि आतले वेढे गुळगुळीत. प्रोमिक्रोसेरस: लहान, दोन सेंटिमीटरच्या आसपास, बरगड्या बाहेरच्या कडेवर येताना चपट्या होतात. ऑक्सिनोटिसेरस: तबकडीसारखा, कडेला धार. एवढे चार ओळखता आले तरी पहिल्या वर्षाला पुरे. भिंगाखाली कधी कधी पृष्ठभागावर नागमोडी, पानाच्या शिरांसारख्या रेषा दिसतात. कवचाच्या आतल्या कप्प्यांच्या भिंती जिथे बाहेरच्या भिंतीला मिळत, त्या जागा. पहिल्यांदा त्या दिसल्या तेव्हा मी जेवायची विसरले होते.

बेलेमनाइट: तपकिरी, टोकदार, बंदुकीच्या गोळीसारखा किंवा टोक केलेल्या खडूसारखा. माकुळसारख्या प्राण्याच्या शरीरातला कठीण भाग. तुटलेल्या तोंडाकडे पाहिलं तर मधून बाहेर जाणारे किरण दिसतात, लिंबाच्या फोडीसारखे. ही खूण पटली की खात्री समजा.

ग्रिफिया: जाड, वळलेला शिंपला. इथले लोक त्याला ‘सैतानाचं नख’ म्हणतात, आणि हातात घेतला की का ते कळतं.

पेंटाक्रिनाइट्स: समुद्रलिलीच्या देठाचे तुकडे. पाच टोकांची बारीक चांदणी, बहुतेक वेळा तुरीच्या दाण्याहून मोठी नसते. हे प्राणी समुद्रात तरंगणाऱ्या लाकडाला लटकून राहात. माझ्याकडे अशा अकरा चांदण्या आहेत आणि सगळ्या मुलीने शोधलेल्या.

मणका: काळी, जड, कॅरमच्या स्ट्रायकरसारखी चकती, दोन्ही बाजूंनी आत खोल दबलेली. असं काही मिळालं तर तो बहुधा इक्थिओसॉरचा मणका. भिंगातून काठाला स्पंजासारखी बारीक भोकं दिसतात, ते हाड. लगेच सेंटरमध्ये दाखवा.

आता जे जीवाश्म नसतं त्याबद्दल, कारण पिशव्या त्यानेच भरतात. दोन थरांमध्ये तंतूतंतूंची पांढरी-करडी पट्टी दिसते, तिला इथे ‘बीफ’ म्हणतात. ते कॅल्साइट खनिज आहे. पायराइटचे गोळे गोल, जड, चमकदार असतात आणि अंडं म्हणून हौसेने घरी येतात. ते नुसते गोळे. भेगांमध्ये पांढरं खनिज भरून कासवाच्या पाठीसारखे दिसणारे दगड मिळतात; तेही कासव नाही. पहिल्या दिवशी आम्ही सेंटरमध्ये सतरा ‘जीवाश्म’ ठेवले, तिथल्या बाईंनी शांतपणे एकेक बाजूला केला आणि तीन उरले. पण प्रत्येक दगड का नाही, हे त्यांनी सांगितलं. ओळख शिकायची ती अशी, नाकारलेल्या दगडांवरून. म्हणून शंका असलेला माल फेकू नका, आधी दाखवा.

६. हातोडी

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला घ्या, आणि घ्यायची तर भूगर्भशास्त्राचीच. घरातली खिळे ठोकायची हातोडी अशा माराला घडवलेली नसते. तिचा कपचा उडून डोळ्यात जाऊ शकतो. संरक्षक चष्मा फोडणाऱ्याला हवाच, शेजारी उभ्या असलेल्या मुलालाही हवा.

फोडायचे ते सुटे, चपटे गोल चुनखडीचे गोळे, आणि तेही कडेवर फटका मारून, म्हणजे ते थराच्या रेषेत उघडतात. कडेला बरगडीचा किंचित भाग दिसत असेल तर तिथे फोडू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून घरी न्या. किनाऱ्यावर घाईत फोडलेल्यांपैकी बरेच आडवे तुटतात. तुटलंच तर सगळे तुकडे, अगदी पापुद्रासुद्धा, एकाच कागदात बांधा.

७. घरी आणल्यावर: मीठ, पाणी आणि पायराइटचा रोग

इथे मी सगळ्यात जास्त गमावलं, म्हणून सविस्तर लिहिते.

समुद्रातून आलेल्या प्रत्येक वस्तूत मीठ मुरलेलं असतं. वाळताना त्याचे स्फटिक होतात आणि पृष्ठभाग आतून उचलतात. म्हणून चुनखडीतले आणि कॅल्साइटचे जीवाश्म नळाच्या गोड्या पाण्यात आठवडाभर ठेवा, पाणी रोज बदला. मग सावलीत वाळवा. मऊ काळ्या शेलवर, म्हणजे चिखलाच्या पापुद्र्यापापुद्र्यांच्या खडकावर, उमटलेले चपटे अमोनाइट मात्र पाण्यात घालू नका, शेल विरघळून चिखल होतो.

साफ करायला मऊ दातांचा ब्रश आणि लाकडी दातकोरणं. व्हिनेगर वापरा असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. कॅल्साइट आणि चुनखडी आम्लात विरघळतात. माझ्या एका ओळखीच्यांचा सुरेख आर्निओसेरस रात्रभर व्हिनेगरमध्ये राहिला आणि सकाळी बरगड्या गेलेल्या होत्या.

पायराइटचं प्रकरण वेगळं. त्याला ओलावा आणि हवा मिळाली की ते गंजतं: लोहाचं सल्फेट आणि गंधकाचं आम्ल तयार होतं. आधी एखादी बारीक भेग. मग राखाडी-पिवळट पावडर. मग डबी उघडली की गंधकाचा वास. शेवटी अमोनाइट बोटाने दाबला की चुरा. मुलीने दिलेला तो पहिला अमोनाइट मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला होता, रोज दिसावा म्हणून. खाली केटल आणि कुकरची वाफ. चौदा महिन्यांनी पाहिलं तर खालची चिठ्ठी तपकिरी होऊन फाटलेली, आम्लाने खाल्लेली, आणि चक्राचा बाहेरचा वेढा सुटून पडलेला. उरलेलं मी अजून ठेवलं आहे.

म्हणून पायराइट असं सांभाळा. दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलून. मग लगेच, पूर्णपणे वाळवणं: टिपून, मग बॉयलरच्या उबदार कपाटात किंवा हीटरजवळ दोन-तीन दिवस. पूर्ण वाळल्यावरच घट्ट झाकणाच्या डबीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ते ओलं झालं की कळतं. मंद ओव्हनमध्ये वाळवलं की पुन्हा कामाला येतं. डबीतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली राहायला हवी, त्यासाठी लहानसा आर्द्रतामापक मिळतो. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि खिडकी या तिन्ही जागा वर्ज्य.

वॉर्निश किंवा नेलपॉलिश लावून काम भागेल असं वाटतं. आत ओलावा राहिलेला असेल तर तो तिथेच कोंडला जातो आणि गंज आतून चालू राहतो. कमकुवत हाड किंवा शेल बळकट करायला संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ नावाचं राळ अॅसिटोनमध्ये विरघळवून लावतात. पुढे गरज पडली तर ते परत काढता येतं, हा त्याचा मोठा गुण. घरी करायचं तर पातळ द्रावण, उघड्या खिडकीशी, आगीपासून लांब. सुपरग्लू टाळा.

एखाद्याला रोग लागलाच तर तो इतरांपासून वेगळा करा, कोरड्या ब्रशने पावडर झटका, डबी बदला, हात धुवा. संग्रहालयात अमोनियाची वाफ देऊन आम्ल शमवतात. ते घरी करायचं काम नाही.

मुंबईला किंवा कोकणात कुणाला भेट द्यायची असेल तर पायराइटचा अमोनाइट देऊ नका. जुलैच्या दमट हवेत त्याचे हाल होतील. बेलेमनाइट द्या, ग्रिफिया द्या. ते कॅल्साइटचे, त्यांना पावसाळा बाधत नाही.

८. चिठ्ठी

जागा माहीत नसलेला जीवाश्म हा देखणा दगड असतो, त्यापलीकडे त्याच्याकडून काही कळत नाही. म्हणून किनाऱ्यावरच, थंडीने बोटं आखडली असली तरी, पेन्सिलीने लिहा: कुठे मिळाला (‘चारमथ’ एवढं पुरत नाही, ‘चारमथ पश्चिम, सेंटरपासून सुमारे ४०० पावलं, पाण्याच्या काठाला खड्यांत’ असं), तारीख, कुणाला मिळाला, सुटा होता की गोळ्यात.

घरी आल्यावर प्रत्येकाला आकडा. जीवाश्माच्या मागच्या बाजूला, जिथे बारकावे नाहीत तिथे, पॅरालॉइडचा ठिपका, त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर काळ्या शाईने आकडा. तोच आकडा वहीत आणि डबीतल्या चिठ्ठीवर. नाव पुढे कधीही बदलता येतं. आमच्या वहीत सत्तावीस नंबरचं नाव तीनदा खोडलं आहे. जागा आणि तारीख मात्र एकदाच लिहिता येते.

९. विकत घेण्याबद्दल थोडक्यात

सुरुवातीला विकत घेऊ नका. घ्यायचाच झाला तर जागा लिहून देणाऱ्याकडूनच घ्या. बाजारातले मोरोक्कोचे ट्रायलोबाइट (त्याहून कितीतरी जुन्या, नामशेष समुद्री प्राण्यांचे जीवाश्म) पाहताना विशेष सावध राहा. त्यांत राळेत ओतलेले आणि दोन-तीन तुकडे जोडलेले भरपूर असतात. भिंगाखाली हवेचे बारीक बुडबुडे दिसले तर समजा, तो साच्यातून आला आहे. चारमथला ट्रायलोबाइट सापडल्याचं कुणी सांगितलं तर त्यावरही विश्वास ठेवू नका. त्या खडकांत ते नसतात.

१०. भारतात गेल्यावर

इथली सवय तिथे नेऊ नका. गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात वडधम, चंद्रपूर जिल्ह्यात डायनासोरची हाडं आणि विष्ठेचे जीवाश्म मिळालेलं पिसदुरा, गुजरातेत बालासिनोरजवळचं रैयोली, या जीवाश्मांच्या जागा पाहायला जायच्या, उचलायला नाही. तिथे इथल्यासारखा रोज कोसळणारा कडा नाही. जे आहे ते तेवढंच आहे. काही दिसलं तर जागच्या जागी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, जागेचे अक्षांश-रेखांश टिपा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या किंवा जवळच्या विद्यापीठातल्या भूगर्भशास्त्र विभागाच्या कानावर घाला.

आम्हा नागपूरकरांना तर याची जुनी ओळख असायला हवी होती. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते, आणि १८५०च्या दशकात त्यांनी नागपूरच्या टाकळी भागातून, लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळातून, गोगलगायींची कवचं आणि वनस्पतींचे अवशेष गोळा केले. त्या कॉलेजवरून मी कित्येक वर्षं ये-जा केली आणि हे मला इंग्लंडात येऊन कळलं.

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा भिंग नेलं होतं. तुळशीच्या लग्नाआधी आईने शाळीग्राम पुसून हातात दिला. बरगड्या चारमथच्या एकाही अमोनाइटसारख्या नाहीत. हा नेपाळच्या काली गंडकीतला, आमच्या चारमथच्या अमोनाइटांपेक्षा सुमारे चार कोटी वर्षांनी तरुण. मी वही काढली आणि आईला विचारलं, हा घरात आणला कुणी? तिला वाटत होतं आजेसासूबाईंनी. मग तिने धाकट्या आत्यांना फोन लावला. आत्या म्हणाल्या, आजेसासूबाई नव्हेत, त्यांच्या थोरल्या जाऊबाई, मुक्तिनाथच्या यात्रेहून, आणि येताना तो पदराच्या गाठीत बांधून आणला होता. साल त्यांना आठवेना. त्या वर्षी धाकट्या काकांची मुंज झाली एवढं नक्की. मी तसंच लिहून घेतलं. मुंजीची पत्रिका मिळते का, ते आई शोधते आहे.